विरत जाणारा रंग : ग्रेडियंट आणि अल्फा चॅनेलचा इतिहास

प्रतिमा-संपादनाच्या प्रात्यक्षिकात एक चूक जवळजवळ प्रत्येक तुकडीत दिसते. पांढऱ्या पार्श्वभूमीवर झेंडूसारखा पिवळा पट्टा काढायचा असतो. डावीकडे तो ठळक आणि उजवीकडे जाता जाता विरून नाहीसा झालेला असा. विद्यार्थी ग्रेडियंटचे एक टोक पिवळे ठेवतो, दुसऱ्या टोकाला ‘पारदर्शक’ निवडतो आणि माऊस ओढतो. दोन्ही टोके बरोबर येतात. मधला भाग मात्र मळकट दिसतो, हळदीत राख मिसळावी तसा. काळा किंवा करडा रंग कुणीच निवडलेला नसतो. मग ही राख आली कुठून?

सुरुवातीची काही वर्षे मी ‘मॉनिटर जुना आहे’ असे सांगून वेळ मारून नेत असे, हे कबूल करायला हरकत नाही. खरे उत्तर मॉनिटरमध्ये नाही. ते एका साध्या वाटणाऱ्या प्रश्नात आहे : जी गोष्ट पूर्ण पारदर्शक आहे, तिचा रंग कोणता? संगणकीय चित्रकलेत या प्रश्नाला निरनिराळ्या काळी निरनिराळी उत्तरे दिली गेली. ती सगळी आजही वेगवेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये शेजारी शेजारी नांदत आहेत. या पाठात आपण त्या उत्तरांचा इतिहास पाहणार आहोत.

संगणकापूर्वीचा विरणारा रंग

रंग विरवण्याची कला संगणकापेक्षा फार जुनी आहे. जलरंगात चित्रकार पाणी वाढवत जातो, रंगद्रव्य विरळ होते आणि खालचा कागद दिसू लागतो. जपानी काष्ठठशांच्या छपाईत यालाच बोकाशी म्हणतात. छापणारा ठशावर शाई लावतो आणि ओलाव्याच्या साहाय्याने ती एका बाजूला पातळ करत नेतो. हिरोशिगेच्या निसर्गचित्रांत आकाशाच्या वरच्या काठाला गडद निळा पट्टा दिसतो आणि तो खाली येता येता कागदात मिसळून जातो. ती हीच करामत. प्रत्येक प्रत हाताने पुसलेली असल्यामुळे दोन प्रतींतला उतार अगदी सारखा नसे.

दगडी छापखान्याने, म्हणजे लिथोग्राफीने, हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. राजा रविवर्मा यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या चित्रांची एखादी जुनी प्रत मिळाली तर भिंगाखाली धरून पाहा. गालावरची गुलाबी छटा हा पातळ केलेला रंग नसतो. ते शाईचे बारीक ठिपके असतात. छटा गडद तिथे ठिपके दाट, फिकी तिथे विरळ. एखाद्या बिंदूवर शाई आहे किंवा नाही, एवढेच दगडाला कळते. ‘अर्धा गुलाबी’ असे त्याच्याकडे काही नाही. निम्मी जागा शाईने व्यापलेली आणि निम्मी कागदाची, असे असले की डोळाच ते मिसळून फिके गुलाबी पाहतो. ‘व्यापलेली जागा’ ही कल्पना लक्षात ठेवावी, कारण पुढे संगणकातल्या पारदर्शकतेचा अर्थ नेमका याच शब्दांत सांगितला गेला.

तिसरा वारसा सिनेमाचा. दोन वेगळी दृश्ये एका चौकटीत आणण्यासाठी चित्रपटवाले ‘मॅट’ वापरत : एक काळी-पांढरी फिल्म, जी कोणता भाग दिसू द्यायचा आणि कोणता झाकायचा ते ठरवते. सुरुवातीचे मॅट कात्रीने कापल्यासारखे असत, आत किंवा बाहेर. केस, धूर, काचेचा पेला अशा गोष्टी त्यात नीट बसत नसत आणि नटाभोवती कड उमटे. पेट्रो व्लाहोस यांनी निळ्या पडद्याची जी सुधारित पद्धत विकसित केली आणि जी १९५९ च्या ‘बेन-हर’साठी वापरली गेली, तिच्यात मॅटला करड्या छटाही मिळाल्या. धूर म्हणजे थोडा नट आणि थोडी पार्श्वभूमी, हे फिल्मवर लिहिता येऊ लागले. तरीही मॅट ही चित्रापासून वेगळी फिल्मच राहिली.

चौथा आकडा

संगणकावरचे रंगीत चित्र म्हणजे पिक्सेलांची जाळी आणि प्रत्येक पिक्सेलला तीन आकडे : लाल, हिरवा, निळा. १९७० च्या दशकात असे चित्र साठवणारी स्मृती, म्हणजे फ्रेमबफर, ही चैनीची वस्तू होती. न्यूयॉर्क इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या लाँग आयलंडवरील संगणक-चित्र प्रयोगशाळेने घेतलेल्या पहिल्या फ्रेमबफरला सुमारे ८० हजार डॉलर पडले होते. त्यात ५१२ गुणिले ५१२ पिक्सेल आणि प्रत्येकाला ८ बिट, म्हणजे जेमतेम २५६ किलोबाइट मावत. आज एखाद्या शुभेच्छा-संदेशातले चित्रही याहून मोठे असते. पण या संस्थेचे संस्थापक अलेक्झांडर शुअर यांना संगणकावर कार्टूनपट काढण्याचा ध्यास होता आणि त्यांनी असे आणखी फ्रेमबफर घेऊन दिले. तीन एकत्र जोडले की पूर्ण रंगीत चित्र मावे, आणि तरीही काही शिल्लक राहत. चौथा आकडा सुचण्यासाठी तो ठेवायला जागा असणे आवश्यक होते. ही श्रीमंती त्या काळी फारच थोड्यांकडे होती.

या प्रयोगशाळेत १९७७ च्या सुमारास एड कॅटमल हे त्रिमितीय वस्तूंच्या कडा गुळगुळीत दिसाव्यात म्हणून काम करत होते. कडेवरचा पिक्सेल अंशतः वस्तूचा आणि अंशतः पार्श्वभूमीचा असतो. पार्श्वभूमी बदलली की कडेचा रंग बदलतो आणि सगळे चित्र पुन्हा काढावे लागते. त्या वेळच्या यंत्रांवर एक चित्र काढायला लागणारा वेळ पाहता हा मोठा भुर्दंड होता. कॅटमल आणि त्यांचे सहकारी ॲल्वी रे स्मिथ यांनी यावर असा तोडगा काढला की, पिक्सेल वस्तूने किती व्यापला आहे हा आकडाही चित्रासोबतच साठवायचा. लाल, हिरवा, निळा आणि चौथा ‘अल्फा’. अल्फा शून्य असेल तर पिक्सेल पूर्ण पारदर्शक, एक असेल तर पूर्ण अपारदर्शक. मग तीच वस्तू कोणत्याही पार्श्वभूमीवर पुन्हा न काढता ठेवता येते.

अल्फा हे नाव गूढ वाटते, पण त्यात गूढ काही नाही. दोन राशींचे मिश्रण लिहिताना गणितात एका राशीला अल्फाने आणि दुसरीला एक वजा अल्फाने गुणून बेरीज करतात. त्या सूत्रातले ग्रीक अक्षरच चॅनेलला चिकटले.

माझ्या मते इथला खरा शोध सूत्राचा नाही. मॅट चित्रपटवाल्यांना माहीत होता आणि मिश्रणाचे सूत्र शाळकरी आहे. मॅटला वेगळी फिल्म न मानता चित्राचाच एक अंगभूत भाग मानणे, हा शोध होता. पारदर्शकता ही चित्रावर नंतर केलेली क्रिया न राहता रंगासारखाच एक गुण झाली. अर्धपारदर्शक ग्रेडियंट शक्य झाला तो इथे : तीन आकडे एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकवता येतात, तसा चौथाही सरकवता येतो.

आधी गुणायचे की नंतर?

कॅटमल आणि स्मिथ पुढे लुकासफिल्ममध्ये गेले. तिथल्या थॉमस पोर्टर आणि टॉम डफ यांनी १९८४ मध्ये सिग्राफ परिषदेत जो निबंध मांडला, तो या विषयाचा पायाभूत ग्रंथ म्हणावा असा आहे. दोन चित्रे एकमेकांशी किती प्रकारे जोडता येतात, याचे त्यांनी १२ क्रियांत वर्गीकरण केले : एक दुसऱ्याच्या वर, एक दुसऱ्याच्या आत, एक दुसऱ्याच्या बाहेर, इत्यादी. त्यांच्या उदाहरणांत तारे, ग्रह, ग्रहापुढची आग आणि ग्रहामागची आग असे वेगवेगळे थर एका सूत्राने एकत्र आणलेले आहेत. आज लेयर-मोडच्या यादीत जी नावे दिसतात, त्यांच्यातल्या काही जणांचे कुलवृत्त इथवर पोहोचते.

पण आपल्या मळकट पिवळ्याशी संबंध आहे तो त्या निबंधातल्या दुसऱ्या एका निर्णयाचा. पोर्टर आणि डफ यांनी रंग साठवतानाच तो अल्फाने गुणून ठेवावा असे सांगितले. अर्धपारदर्शक लाल म्हणजे ‘२५५ लाल, अल्फा अर्धा’ असे न लिहिता ‘१२७.५ लाल, अल्फा अर्धा’ असे लिहायचे. यातला उघड फायदा कष्ट वाचवण्याचा. एका चित्रावर दुसरे ठेवताना प्रत्येक पिक्सेलमागे तीन गुणाकार कमी होतात. ५१२ गुणिले ५१२ च्या चित्रात ते ७,८६,४३२ गुणाकार झाले. दुसरा फायदा तात्त्विक आहे आणि तो मला अधिक मोलाचा वाटतो. या पद्धतीत अल्फा शून्य झाला की रंगही शून्य होतो. म्हणजे ‘पूर्ण पारदर्शक पिवळा’ आणि ‘पूर्ण पारदर्शक काळा’ असे दोन वेगळे प्रकार उरतच नाहीत. जे दिसत नाही, त्याला रंगही नाही.

१९९६ मध्ये कॅटमल, स्मिथ, पोर्टर आणि डफ या चौघांना अंकीय प्रतिमा-जोडणीच्या कामासाठी अमेरिकेच्या चित्रपट अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. तोपर्यंत हे गणित टेबलावरच्या साध्या संगणकांत उतरले होते. मात्र ते सगळीकडे सारखे उतरले नव्हते.

टेबलावरचा ग्रेडियंट

फोटोशॉपची पहिली आवृत्ती १९९० मध्ये आली तेव्हा तिच्यात लेयर नव्हते. विरणारे चित्र हवे असेल तर वापरणारा एक वेगळा चॅनेल उघडी, त्यात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत ग्रेडियंट काढी, तो चॅनेल निवड म्हणून लावी आणि मग रंग भरी. सिनेमावाल्यांच्या मॅटची ही थेट आवृत्ती झाली. गंमत म्हणजे फोटोशॉपने ‘अल्फा चॅनेल’ हे नाव या साठवलेल्या निवडीला दिले, त्यामुळे एकाच शब्दाचे दोन अर्थ रूढ झाले आणि विद्यार्थ्यांचा गोंधळ कायमचा झाला. रंग एकदा भरला की खालच्या चित्रात कायमचा मिसळे.

१९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत लेयर आले आणि सोबत लेयर मास्क. आता प्रत्येक थराला स्वतःची पारदर्शकता मिळाली. पारदर्शक जागा दाखवण्यासाठी करड्या-पांढऱ्या चौकटींचा पट आला. ‘काहीच नाही’ हेही काहीतरी रंगवूनच दाखवावे लागते, म्हणून ही सोय.

मुक्त सॉफ्टवेअरच्या बाजूला गिम्प होते. बर्कलीच्या स्पेन्सर किंबॉल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी ते १९९५ मध्ये लिहायला घेतले आणि १९९८ मध्ये त्याची १.० आवृत्ती निघाली. त्याचा ग्रेडियंट-संपादक फेदेरिको मेना किंतेरो यांनी लिहिला. गिम्पची ग्रेडियंटची फाइल साध्या मजकुराची असते. कोणत्याही टेक्स्ट एडिटरमध्ये ती उघडून वाचता येते आणि प्रत्येक विद्यार्थ्याने ती एकदा वाचावीच. ग्रेडियंटचे तुकडे केलेले असतात. प्रत्येक तुकड्याला डावे टोक, मध्यबिंदू आणि उजवे टोक असते, आणि दोन्ही टोकांना लाल, हिरवा, निळा, अल्फा असे चार-चार आकडे. शून्य अल्फाच्या टोकालाही तीन रंगांचे आकडे इथे लिहिलेले असतात. पोर्टर-डफ यांच्या लेखी ज्याला रंग नाही, त्याला इथे रंग आहे.

हेच द्वैत फाइलींच्या स्वरूपांतही आले. १९९२ च्या टिफ ६.० मध्ये दोन्ही पद्धतींची सोय केली गेली आणि फाइलीत कोणती वापरली आहे ते एका आकड्याने सांगायचे ठरले. वेबवर आधी जिफ होते. १९८९ च्या जिफमध्ये रंगांच्या तक्त्यातला एखादा रंग पारदर्शक ठरवता येई. पिक्सेल एक तर असे किंवा नसे, अगदी दगडी छापखान्यासारखे. विरणारा रंग हवा असेल तर ठिपक्यांचीच युक्ती करावी लागे. १९९४ च्या अखेरीस जिफमधल्या आकुंचन-पद्धतीच्या पेटंटसाठी पैसे मागितले जाणार हे जाहीर झाले, आणि त्या संतापातून काही महिन्यांत पीएनजीचा आराखडा तयार झाला. १ ऑक्टोबर १९९६ रोजी तो वेबचे प्रमाण म्हणून मान्य झाला. त्यात पूर्ण ८ किंवा १६ बिटांचा अल्फा होता. पीएनजीने रंग न गुणता ठेवण्याची पद्धत निवडली, कारण गुणताना अचूकता जाते आणि मूळ रंग परत मिळत नाही. फाइल साठवण्याच्या दृष्टीने हा निर्णय योग्यच होता. पण प्रत्यक्ष फळ मिळायला आणखी १० वर्षे गेली. मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोरर ६ मध्ये पीएनजीचा विरणारा भाग नीट उमटत नसे आणि ही उणीव २००६ च्या सातव्या आवृत्तीत दूर झाली. तोवर सावल्या आणि उतार वेबवर चोरवाटांनीच दाखवावे लागत.

राख कुठून आली

आता पिवळ्या पट्ट्याकडे परत येऊ. झेंडूचा पिवळा म्हणजे २५५, २०४, ० आणि अल्फा १ असे धरू. ‘पारदर्शक’ या शब्दाचा अर्थ अनेक सॉफ्टवेअर ०, ०, ०, ० असा लावतात, म्हणजे पूर्ण पारदर्शक काळा. रंग आधी न गुणता मधोमधचे आकडे काढले तर येतात १२७.५, १०२, ० आणि अल्फा अर्धा. हा गडद शेवाळी रंग झाला. तो पांढऱ्यावर निम्मा मिसळला की पडद्यावर उमटतो १९१, १७९, १२८. हीच ती राख. काळा रंग स्वतः कधीच दिसत नाही, कारण तो आहे तिथे अल्फा शून्य असतो. पण वाटेत तो पिवळ्यात मिसळत राहतो.

पोर्टर-डफ रीतीने रंग आधी गुणून मधले आकडे काढले, तर मधोमध पिवळाच निम्म्या प्रमाणात राहतो आणि पांढऱ्यावर २५५, २३०, १२८ असा स्वच्छ फिका पिवळा मिळतो. दोन्ही बाबतीत वापरणाऱ्याने केलेली कृती एकच. फरक फक्त गुणाकार कधी केला याचा.

वेबच्या इतिहासात ही दोन्ही उत्तरे प्रमाणग्रंथांत सापडतात. २००१ च्या एसव्हीजीमध्ये टप्प्याचा रंग आणि टप्प्याची अपारदर्शकता असे दोन स्वतंत्र गुण दिले गेले आणि मधले आकडे न गुणता काढले जातात. ब्राउझरमधल्या कॅनव्हासचेही तसेच. याउलट सीएसएसच्या ग्रेडियंटसाठी आधी गुणूनच मधले आकडे काढावेत असे ठरले. तरीही सफारीमध्ये कित्येक वर्षे करडी छटा दिसत राहिली आणि एकच पान दोन ब्राउझरांत दोन तऱ्हेचे दिसे.

छपाईची कथा आणखी वेगळी आहे. १९८४ च्या पोस्टस्क्रिप्टमध्ये पारदर्शकता ही संकल्पनाच नव्हती. वरचा रंग खालच्याला पूर्ण झाकतो, एवढेच त्याला माहीत. २००१ च्या पीडीएफ १.४ मध्ये पारदर्शकता आली, पण जुन्या यंत्रांसाठी ती सपाट करून, म्हणजे चित्राचे अपारदर्शक तुकडे पाडून, पाठवावी लागे. त्या तुकड्यांच्या सांध्यांवर कधी कधी केसासारख्या पांढऱ्या रेषा दिसत. लग्नपत्रिका किंवा फ्लेक्सचे काम करणाऱ्या डीटीपीवाल्याला या रेषांबद्दल विचारून पाहा, तो दीर्घ सुस्कारा सोडेल.

पायऱ्या आणि उजेड

दोन अडचणी अजून उरतात. पहिली पायऱ्यांची. ८ बिटांत अल्फाच्या २५६ पातळ्या असतात. १९२० पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर शून्यापासून पूर्णापर्यंत उतार काढला तर प्रत्येक पातळीला साडेसात पिक्सेल येतात आणि डोळ्याला फारसे कळत नाही. पण उतार फक्त १० टक्क्यांचा असेल, तर जेमतेम २५ पातळ्या उरतात आणि प्रत्येक पट्टा ७५ पिक्सेलांहून रुंद होतो. अशा वेळी पट्टे उघड दिसतात. त्यावरचा उपाय म्हणजे ग्रेडियंटच्या पर्यायांतले ‘डिदर’ : पातळ्यांच्या सीमेवर पिक्सेल विस्कटून टाकणे. म्हणजे पुन्हा मळवलीचे ठिपकेच.

दुसरी अडचण उजेडाची. १९९६ मध्ये आलेल्या एसआरजीबी पद्धतीत साठवलेला आकडा प्रकाशाच्या सरळ प्रमाणात नसतो. काळा आणि पांढरा निम्मा-निम्मा मिसळताना आकड्यांची सरासरी काढली तर १२८ येतो. प्रत्यक्ष प्रकाशाची सरासरी काढली तर तो १८८ च्या आसपास येतो. बहुतेक सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे पहिलेच करत आले. गिम्पच्या २०१८ मधील २.१० आवृत्तीने प्रकाशाच्या हिशोबाने मिश्रण करण्याची सोय दिली. ग्रेडियंटची टोके थेट चित्रावर ओढून बदलण्याची सोयही याच आवृत्तीत आली.

स्वाध्याय

पांढऱ्या थरावर एक रिकामा पारदर्शक थर घ्या. ग्रेडियंटच्या दोन्ही टोकांना २५५, २०४, ० हाच रंग द्या. दुसऱ्या टोकाचा फक्त अल्फा शून्यावर आणा, ‘पारदर्शक’ हा तयार पर्याय घेऊ नका. उतार काढून झाला की रंग-निवडीचे साधन सर्व थर मिळून वाचेल असे ठेवून बरोबर मधोमध टेकवा. लाल २५५ च्या जवळ नसेल, तर टोकाचा रंग कुठेतरी काळा राहून गेला आहे. लाल बरोबर असेल तर निळा आकडा पाहा. तो १२८ च्या आसपास असेल, तर तुमचे सॉफ्टवेअर साठवलेल्या आकड्यांचे मिश्रण करते. १८८ च्या आसपास असेल, तर प्रकाशाचे. मग पांढरा थर बदलून काळा करा, तोच बिंदू पुन्हा वाचा आणि दोन्ही वेळचे आकडे वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा.